घरच्या शेडमध्ये लेथकाम शिकायचं आहे, सुरुवात कुठून करू?

विचारणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तळेगावला घराला लागून दहा बाय पंधराची पत्र्याची शेड आहे, वीज सिंगल फेज. वय चाळिशीचं, पेशा संगणकाचा. लेथ शिकून पुढेमागे वाफेचं छोटं चालतं इंजिन स्वतः बनवायचं आहे. चिनी मिनी लेथ घ्यावा की भोसरीतून जुना साडेचार फुटी? मिलिंग मशीनही लागेल का? आणि शिकायचं कोणाकडून? आता उत्तर. माझं आयुष्य टूलरूममध्ये (कारखान्यातली हत्यारं-साचे बनवायची जागा) गेलं, हल्ली घरीच किरकोळ कामं करतो, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

लेथ म्हणजे धातूचा तुकडा (त्याला जॉब म्हणतात) फिरवत ठेवून टूलने कापायचं यंत्र. तो कुठला ते पुढे बघू. पहिले पैसे लेथवर घालू नका. एक दणकट बेंच व्हाइस, दहा इंची बास्टर्ड (खरखरीत) आणि आठ इंची स्मूथ (बारीक) अशा दोन कानशी, सहा इंची बेंच ग्राइंडर आणि एचएसएसचे (हाय स्पीड स्टील) चार-सहा चौकोनी बिट, ज्यांना धार लावून टूल बनतं, एवढं आधी घ्या. नवशिक्याच्या लेथवर जे बिघडतं, म्हणजे फिनिश खरखरीत येतं, टूल कर्रकर्र करतं, पार्टिंग (जॉब कापून वेगळा) करताना ब्लेड अडकून तुटतं, त्याचं खापर बहुतेक वेळा मशीनवर फुटतं. खरं कारण टूलमध्ये असतं: धार कशी आहे, टोक सेंटरला, म्हणजे जॉबच्या मध्याच्या उंचीला, आहे का, आणि टूल ते धरणाऱ्या पोस्टाबाहेर किती काढलंय. नवा कोरा जपानी लेथ आणून दिला तरी बोथट टूल बोथटच कापणार.

कानशीचं काम कंटाळवाणं वाटेल, पण आयटीआयमध्ये फिटरला उगाच महिनोन् महिने घासायला लावत नाहीत. १० मिलिमीटर जाडीच्या एमएस (साधं मऊ पोलाद) पट्टीचा ५० बाय ५० चा चौकोन हॅकसॉने कापा आणि चारही कडा काटकोनात आणा. गुण्या लावून उजेडाकडे धरायचं. जिथून उजेड येतो तिथे माल कमी आहे, म्हणजे उरलेलं सगळं घासायचं. पुढे ढकलताना दाब, मागे येताना कानस हलकी. दातांत कीस अडकून जॉबवर ओरखडे पडायला लागले की ब्रश मारा आणि कानशीवर खडू घासा, मग कीस तेवढा चिकटत नाही. मार्किंगसाठी महागडी शाई नको. मोरचूद पाण्यात विरघळवून साफ केलेल्या लोखंडावर फडक्याने पुसलं की तांब्याचा पातळ लालसर थर बसतो आणि त्यावर स्क्रायबरची रेघ झळझळीत उठून दिसते. फक्त तेलाचा अंश राहिला तर थर धरत नाही. आणि मूठ नसलेली कानस हातात घेऊ नका. तिची शेपटी तळहातात घुसते, आणि ती बारीक जखम नसते.

आता ग्राइंडर. तीन सुती, म्हणजे ३/८ इंचाचा एचएसएस बिट घ्या. मिरांडाचा मिळाला तर उत्तम. बिनछापाचे स्वस्त बिट कधी कधी धारच धरत नाहीत आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच चुकतंय. दगड पांढरा किंवा करडा, ॲल्युमिनियम ऑक्साइडचा. हिरवा दगड कार्बाइडच्या, म्हणजे एचएसएसहून कडक, टूलसाठी असतो. बिटाला तीन पृष्ठं द्यायची आहेत. डावी बाजू खाली ८ ते १० अंश आत जाईल अशी, पुढचा भाग तसाच ८ ते १० अंश, आणि वरच्या तोंडाला कापणाऱ्या काठापासून मागे १२ अंशांच्या आसपास उतार. हा उतार म्हणजे रेक. एमएसला तो लागतो, पितळाला मुळीच नको. पितळावर उतार दिलेलं टूल स्वतःहून आत ओढलं जातं आणि जॉब उचकटतो. ड्रिलचंही तसंच. पितळात भोक पाडण्याआधी ड्रिलच्या दोन्ही ओठांवर ऑइल स्टोनने बारीकशी सपाटी द्या.

अंश मोजत बसू नका. एखाद्या टर्नरकडून एक चांगला घासलेला बिट मागून घ्या, शेजारी ठेवा आणि तसा दिसेपर्यंत घासा. बिट गरम झाला की खुशाल पाण्यात बुडवा. एचएसएस ५०० अंशांच्या वर तापलं तरी मऊ पडत नाही, काठ निळा झाला म्हणून वाया गेला असं नाही. ब्रेझ केलेलं कार्बाइड टूल मात्र पाण्यात बुडवायचं नाही, टिपला तडे जातात. घासून झालं की टोकाला ऑइल स्टोनने अर्ध्या मिलिमीटरच्या आतली बारीक गोलाई द्या. फिनिश येतं ते या गोलाईमुळे. मग धार दिव्याखाली फिरवून बघा. काठावर पांढरी चकाकती रेघ दिसली तर ती धार नव्हे, बोथट काठ आहे. खऱ्या धारेवर उजेड परततच नाही.

ग्राइंडर सुरू करताना दगडासमोर उभं राहू नका, बाजूला राहा. नवा दगड बसवण्याआधी दोरीला टांगून लाकडी दांड्याने हळूच वाजवा. स्वच्छ टण् आवाज यायला हवा, भद्द आला तर दगड फुटका आहे, फेकून द्या. रेस्ट (टूल टेकवायची पट्टी) आणि दगड यांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. ॲल्युमिनियम आणि पितळ या दगडावर घासायचं नाही. दगडाची छिद्रं बुजतात, तो कापायचा थांबतो, नुसता तापतो आणि एखाद दिवशी फुटतो.

लेथकडे येऊ. मिनी लेथ चाळीसेक किलोचा असतो, घरच्या प्लगवर चालतो, टेबलावर बसतो. जुना साडेचार फुटी, पंजाबातल्या बटाल्याचा किंवा राजकोटचा लेथ पाचशे किलोच्या आसपास भरतो. तुमची शेड जमिनीवर आहे, खाली कोबा आहे, तेव्हा वजनाची अडचण नाही, आणि वजन हाच लेथचा मोठा गुण आहे. जड मशीन थरथरत नाही. एमएसच्या बारवर दोन मिलिमीटरचा कट मिनी लेथवर घ्यायचं नाव काढू नका, जुना लेथ तो सहज घेतो. पण मिनी लेथला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. तुम्हाला इंजिनं बनवायची आहेत, त्यात हातभर लांबीचा जॉब येतच नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला मी डोळे झाकून मिनीच सांगेन. फक्त तो आणला की चालू करायचा नाही. पूर्ण खोला, रॉकेलने धुवा, कडांवरचे धारदार बर कानशीने काढा, स्लाइडच्या गिब (सैलपणा काढणाऱ्या पट्ट्या) एकेक करून बसवा आणि मग जोडा. या खटाटोपात लेथच्या आत काय काय असतं ते आपोआप कळतं.

तुमच्यासाठी माझं मत जुन्याकडे झुकतं, पण तो बघून घेता आला तरच. भोसरी, चिंचवडला मशीनचे जुने व्यापारी आहेत, आणि एखादं जॉब शॉप (लेथकामाचं छोटं वर्कशॉप) सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, गेलं की त्याचा साधा लेथ कोपऱ्यात पडून असतो. रंग बघू नका, विकण्याआधी रंग सगळेच मारतात. असं तपासा. (चक जॉब धरून फिरवतो, बेड म्हणजे खालचे लांब रूळ, कॅरेज त्यावरून टूल नेते, क्रॉस स्लाइड टूल आत-बाहेर नेते, टेलस्टॉक चकसमोरच्या टोकाला असतो.) चकजवळ बेडच्या कडेवर नख फिरवा, झिजलेल्या आणि न झिजलेल्या भागाच्या सीमेवर पायरी लागते. बारीक असेल तर चालेल, नख अडकत असेल तर किंमत पाडा नाहीतर निघून या. कॅरेज चकजवळ आणून तिची गिब घट्ट करा आणि तशीच टेलस्टॉककडे न्या. मध्येच आवळली गेली तर बेड चकजवळ झिजलाय. चकवर डायल इंडिकेटर (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं माप) लावा, खाली लाकडी दांडा घालून वर उचला. काटा पाच-सहा मायक्रॉन हलला तर हरकत नाही, पंचवीस-तीस हलला तर बेअरिंगचा खर्च धरा. क्रॉस स्लाइडचं चाक उलट-सुलट फिरवून मोकळं किती फिरतं ते बघा. पण ते घाबरायचं कारण नाही, नट नवा बनवता येतो आणि मोकळी फेरी धरून काम करता येतं. आटे पाडायचे चेंज गिअर सगळे आहेत का, हे मात्र तिथेच मोजून घ्या. नंतर ते कोणी शोधून देत नाही. चेंज गिअर, स्टेडी रेस्ट (लांब जॉबचा मधला आधार) आणि चार जॉ चक यांच्यासकट असलेला लेथ चार पैसे जास्त देऊन घ्यावा.

वीज सिंगल फेज आहे म्हणून थ्री फेजचा लेथ सोडून देऊ नका. एक-दोन एचपीची मोटर सिंगल फेज इनपुटच्या व्हीएफडीवर (सिंगल फेजपासून मोटरला थ्री फेज देणारं उपकरण) छान चालते आणि वर वेग हवा तसा कमी-जास्त होतो. आपल्याकडच्या छोट्या मोटरी ४१५ व्होल्टला स्टार पद्धतीने जोडलेल्या असतात, व्हीएफडीसाठी त्या डेल्टा पद्धतीने जोडाव्या लागतात. म्हणून टर्मिनल बॉक्स उघडून सहा टोकं बाहेर आहेत का ते बघा. तीनच असली तर वाइंडरकडे जाऊन आतलं जोड बाहेर काढून घ्यावं लागेल. मोटर आणि व्हीएफडी यांच्या मधे जुना ड्रम स्विच ठेवायचा नाही, चालू-बंद व्हीएफडीच्याच टर्मिनलवरून. आणि जुन्या लेथचा चक स्पिंडलवर (चक फिरवणारा दांडा) आट्यांनी बसलेला असेल तर थांबायचा वेळ तीन-चार सेकंदांचा ठेवा, उलट फेरी तर देऊच नका. झटकन थांबवलं की चक स्वतःच्या वजनाने उलगडत बाहेर येतो. बोर्डावर आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग घ्या, यात काटकसर नको.

लेथ बसवला की बेडला पीळ बसलेला नाही ना ते बघायचं. स्पिरिट लेव्हलपेक्षा मला ही पद्धत भरवशाची वाटते. २५-३० मिलिमीटरचा बार चकमध्ये धरून दीडशे मिलिमीटर बाहेर ठेवा, टेलस्टॉक लावू नका. मधला भाग थोडा खाली उतरवून दोन टोकांना दोन पट्टे सोडा. मग क्रॉस स्लाइडला हात न लावता दोन्ही पट्ट्यांवर एकच बारीक कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. फरक आला तर टेलस्टॉककडच्या एका पायाखाली पत्र्याचा तुकडा सरकवा, बोल्ट आवळा, पुन्हा कट घ्या. दोन-चार फेऱ्यांत जमतं, आणि मायक्रोमीटर धरायचा हातही तयार होतो.

टूल सेंटरला आहे की नाही हे बघायला काही विकत आणायला नको. चकमध्ये गोल बार असताना टूलचं टोक आणि बार यांच्यामध्ये सहा इंची पोलादी पट्टी हलकेच दाबून धरा. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल सेंटरला आहे. वरचं टोक पलीकडे झुकलं तर टूल वर आहे, आपल्याकडे झुकलं तर खाली. पॅकिंगला वापरून संपलेल्या हॅकसॉ ब्लेडचे तुकडे ठेवतात, आमच्या टूलरूममध्ये प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये त्यांची थप्पी असायची. बिट पोस्टाबाहेर त्याच्या जाडीच्या दीडपटीपेक्षा जास्त काढू नका. पार्टिंगला तर नियम अजून कडक: चकच्या जितकं जवळ जमेल तितकं कापा, कॅरेज लॉक करा, वेग निम्मा करा, तेल सोडत राहा आणि चाक फिरवताना मध्येच कचरू नका. थांबून थांबून कापलं की टूल घासतं, आणि घासलं की ओरडतं.

वेगाचा हिशेब सोपा आहे: आरपीएम म्हणजे ३१८ गुणिले कटिंग स्पीड, भागिले व्यास मिलिमीटरमध्ये. एचएसएस टूलला एमएससाठी मिनिटाला २५ मीटर धरा, बीडासाठी (ओतीव लोखंड) २०, पितळाला ५०-६०, ॲल्युमिनियमला ६० आणि वर. म्हणजे २५ चा एमएस बार साधारण ३२० आरपीएमला. एचएसएसने कापताना कीस निळा निघत असेल तर वेग जास्त झालाय. कार्बाइडला निळा कीस चालतो, पण कार्बाइडच्या नादी सध्या लागू नका. स्लाइडच्या चाकावरच्या डायलबद्दल एकच सांगतो: काही लेथवर एक घर म्हणजे टूल तेवढं आत जातं आणि व्यास दुपटीने कमी होतो, काहींवर घर व्यासाचंच असतं. पहिल्याच दिवशी कट घेऊन, मोजून, चाकाजवळ रंगाने लिहून ठेवा. आणि आकड्यावर नेहमी एकाच दिशेने या. पुढे गेलात तर अर्धी फेरी मागे घेऊन पुन्हा या.

भंगारातला माल शिकायला वापरू नका, हे मी आग्रहाने सांगतो. बांधकामाची टीएमटी सळई फुकट मिळते म्हणून सगळे तिच्यावरच सुरू करतात. तिची बाहेरची कड कारखान्यातच पाणी मारून कडक केलेली असते आणि आतला गाभा मऊ असतो. त्यावर ना फिनिश येतं ना काही कळतं. गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याही कडक असतात. मटेरियलच्या दुकानात ईएन १ ए (सहज कापलं जाणारं पोलाद) किंवा साधा ब्राइट बार मागा, तुकडे किलोवर मिळतात. पितळ फ्री कटिंगचं मागा, गजाला रंगाने खूण करून ठेवा. एकदा मिसळलं की ईएन ८ (जरा कडक पोलाद) कुठला आणि एमएस कुठला हे डोळ्यांना कळत नाही.

शिकण्यासाठी लेथवरचा पहिला पुरा जॉब म्हणून मी पितळी ओळंबा सुचवतो. २५ चा बार पुरतो. फेसिंग (टोक सपाट करणं), टर्निंग (व्यास कमी करणं), कॉम्पाउंड स्लाइड वळवून लांब निमुळता टेपर, वर धरायला नर्लिंग (खरखरीत नक्षी), टोपीसाठी ८.५ चं भोक आणि त्यात एम १० चे आटे, टोपीला एम १० चे बाहेरचे आटे आणि मध्यातून दोरीचं बारीक आरपार भोक. एवढ्याशा वस्तूत लेथची बहुतेक कामं येऊन जातात. टोपीचं भोक मध्यातून हललं तर टांगल्यावर ओळंबा तिरका लोंबतो, म्हणजे परीक्षकही घरातच. टॅप (आतले आटे पाडायचं हत्यार) मारताना टेलस्टॉकच्या सेंटरने त्याला मागून आधार द्या आणि हाताने फिरवा, मोटर चालू करायची नाही. नर्लिंगच्या वेळी सगळा कीस बेडवर न पडता वर्तमानपत्रावर पडेल असं बघा.

शिकायचं कोणाकडून? जवळच्या छोट्या जॉब शॉपमध्ये संध्याकाळी जाऊन बसा. भोसरीत, नाशिकच्या सातपूरला, कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशी शॉप्स गल्लीगल्लीत आहेत. दोन कामं त्यांच्याकडून पैसे देऊन करून घ्या आणि बघत उभे राहा. मामा, हे टूल असं का घासलंत, असं विचारलं की चांगला टर्नर खूश होतो, हातातला बिटही देतो. पद्धतशीर कोर्स हवा असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूममध्ये छोट्या मुदतीचे कोर्स असतात. पाबळचा विज्ञान आश्रमही तुम्हाला दूर नाही, तिथे फॅब लॅब, म्हणजे वस्तू बनवून बघायची कार्यशाळा, आहे. व्हिडिओ बघा, पण बघताना मशीनचं वजन लक्षात ठेवा. दोन टनांच्या लेथवरचा कट तुमच्या लेथवर येणार नाही.

मिलिंग मशीन आत्ता नको. खाचा, सपाट्या काढायला लेथच्या क्रॉस स्लाइडवर व्हर्टिकल स्लाइड (जॉब वर-खाली सरकवणारा जोड) बसवता येते. ड्रिल मशीनमध्ये एंड मिल (बाजूनेही कापणारं टूल) धरून बाजूने ढकलायचा मोह सगळ्यांना होतो. ड्रिल चक टेपरवर नुसता दाबून बसवलेला असतो, बाजूच्या जोराने तो सुटून फिरत्या अवस्थेत खाली पडतो.

सुरक्षेचं लांबलचक लिहीत नाही, पण हे पाळाच. लेथवर हातमोजे नाहीत, पूर्ण बाह्या नाहीत, अंगठी-घड्याळ-गळ्यातली साखळी नाही. घरातलं कोणी ओढणी घेऊन बघायला आलं तर आधी मशीन बंद. चकची चावी हातातून सुटली की ती चकमध्ये राहिलेली नको. स्टार्टरला हात लावण्याआधी डोळ्यांनी बघायची सवय करा. लांब कीस हाताने ओढायचा नाही, हुक वापरा. एमरी पेपर फिरत्या जॉबभोवती गुंडाळायचा नाही. आणि चष्मा, तो ग्राइंडरसाठीच नव्हे, पितळ टर्न करतानाही, कारण पितळाचे सुईसारखे बारीक कण थेट तोंडावर येतात.

पावसाळ्यात तळेगावची हवा बेडला जड जाते. काम संपलं की कीस झाडून ६८ नंबरच्या ऑइलने पुसून घ्या, पाण्यातलं कूलंट रात्रभर बेडवर राहू देऊ नका. गंज धरू नये म्हणून मापांच्या पेटीत जुने लोक कापूर ठेवायचे, मीही ठेवतो.

इंजिनाकडे येतो. पहिलं इंजिन सिलिंडर हलणारं, म्हणजे वॉबलर, करा. त्यात वेगळा व्हॉल्व्ह नाही, सिलिंडर स्वतःच डोलत भोकं उघडझाक करतो. बॉयलरच्या वाटेला जाऊ नका, सायकलच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा एक-दीड बारला दिली तरी ते पळतं. पितळी सिलिंडर १० मिलिमीटरच्या रीमरने (भोक नेमक्या मापाला आणायचं हत्यार) करा, पिस्टन स्टीलचा, तेल लावून. पिस्टन बसला की नाही हे असं बघा: खालचं तोंड बोटाने बंद करून वरून पिस्टन सोडा. तो थांबून राहिला तर घट्ट, धप्पकन पडला तर सैल, आणि सावकाश उतरत गेला तर बरोबर. सिलिंडरचं आणि फ्रेमचं एकमेकांवर घासणारं तोंड जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून सपाट करा, गळती तिथेच होते. फ्रेममधल्या हवा येण्या-जाण्याच्या भोकांची जागा क्रँक काटकोनात आणून, सिलिंडर पूर्ण एका बाजूला झुकवून ठरवायची, तशीच दुसऱ्या बाजूला. दोन भोकांमधलं अंतर असं हवं की सिलिंडर सरळ उभा असताना त्याचं भोक दोन्हींपैकी कुठल्याच भोकावर येणार नाही. नाहीतर हवा इकडून येते आणि तिकडून निघून जाते, फ्लायव्हील हाताने फिरवत राहिलं तरी इंजिन दम धरत नाही.